घडीवरचा बैल

हटवार बाईंनी माझ्या चित्राला आयुष्यात एकदाच बरं म्हटलं, आणि त्या दिवशी घरी येऊन, तोंड धुवायच्या निमित्तानं नळ सोडून, मी मनसोक्त रडले. लोक म्हणतील, ही बाईच रडकी. तर आहेच मी. भित्री तर त्याहून. गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. नागपूरला शिकणाऱ्या पोराचा फोन एकदा लागला नाही, की मनातल्या मनात तिथले सगळे दवाखाने पालथे घालून मोकळी होणारी. माझ्या नवऱ्याचं पवनीत औषधांचं दुकान आहे, पण माझ्या धडधडीवर त्याच्याकडे औषध नव्हतं. एक दिवस वैतागून म्हणाला, "तू सकाळी हटवार बाईकडे जात जाय. त्या जनावरं काढतात. तेवढा वेळ तरी माह्या डोक्याले आराम भेटन." म्हणजे बघा, इलाज माझा आणि आराम याला.

बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. कोष्ट्यांच्या घरातल्या, लग्न न केलेल्या, भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. भावाकडे अजून माग चालतो आणि बाजारात साड्यांचं दुकानही आहे. अंगानं काटकुळ्या, पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी चप्पल, हातात बाजाराची नायलॉनची थैली. थैलीत भाजी कधी दिसली नाही. ब्लेडनं तासलेल्या पेन्सिली, एक फळी आणि कागदांचा गठ्ठा. कागदही कुठले, तर साडीच्या घडीत घालतात ते. भावाच्या दुकानात ढीग पडलेला असायचा. त्या कागदाला मुळातच दोन आडव्या घड्या असत, एक वर, एक खाली. कितीही हात फिरवा, त्या जात नसत. मी पहिल्या दिवशी इस्त्री करून आणू का म्हणून विचारलं, तर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला.

बाई रोज सकाळी शालिकभाऊंच्या कोठ्यासमोर बसत. कोठा म्हणजे आमच्याकडे जनावरं बांधायची जागा. शालिकभाऊंची धानाची शेती, आणि दारात एक जोडी. त्यातला एक बैल सदा बसलेला, त्याचं काढण्यासारखं काही नाही. दुसरा चांद्या. पांढरा, कपाळावर करडा ठिपका, आणि उभं राहण्याची मोठी हौस असलेला.

"काढ," बाई म्हणाल्या.

मी काढला. शिंगं काढली, डोळा काढला, डोळ्याला पापणी काढली, खाली चार पाय ठोकले. मला वाटलं, बरा आला. बाईंनी कागद हातभर लांब धरला आणि कोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "शालिक, चाकं आहेत काय रे घरात? हिच्या बैलाले लाव अन् पोरायसंगं तान्ह्या पोळ्यात पाठव!"

शालिकभाऊ पोट धरधरून हसले. मी लाजेनं लाल. पण खरंच होतं ते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. आम्ही सगळे लहानपणी त्याच बैलाची दोरी ओढत मोठे झालो. त्यामुळे समोर हाडामासाचा बैल उभा केला तरी हात लाकडीच काढतो. चार खांब, वर फळी. बाई म्हणायच्या, "शाळेत सारी जिंदगी हेच पुसत गेली माही. पवनीतलं पोरगं बैल पाहतच नाही. त्याले वाटते, मले तं माहीतच आहे."

मग त्यांनी त्यांची पद्धत दाखवली. बसायचं त्याच दगडावर. चांद्याची खुंटी तीच. खालच्या घडीवर आधी चार खूर मांडायचे, मग वर चढत जायचं. पाय, पोट, खांदा. आणि शेवटी पाठ. ती बरोबर वरच्या घडीला लागली पाहिजे. "दगड हलत नाही, खुंटी हलत नाही, मी हलत नाही. मंग पाठ घडीवर यायलेच पायजे. नाही आली तं कुठंतरी खोटं बोलली तू." खोडरबर नाही. आणि बैल हलला की तो कागद सोडायचा, नवीन घ्यायचा. पुन्हा तसाच उभा राहिला तर जुन्याकडे परत यायचं.

हे नवीन घेणं माझ्या जिवावर यायचं. अर्धवट सोडलेलं काम म्हणजे माझ्यासाठी उघडा राहिलेला गॅस. मांडीवर सगळे अपुरे बैल. एकाची नुसती मान, एकाचं नुसतं ढुंगण, एकाचे तीन पाय. मी म्हणायची, "बाई, एक तरी पुरा करू द्या वो." बाई म्हणायच्या, "थो पुरा आहे. तूच अधुरी पाहून राहिली." आणि पुढच्या कागदावर त्यांचे खूर मांडून झालेलेही असत. चांद्याला चारा देऊन एका जागी थांबवायलाही बंदी. "खायाले देलं की जनावर आपल्याले पाहते. अन् आपल्याले पाहणारं जनावर खोटं उभं राहते." मोबाइलवर फोटो काढून घरी आरामात काढते म्हटलं, तर म्हणाल्या, "काढ ना. थो श्वास घेतो काय, तेवढं पाहजो." तरी मी दिवाळीच्या सुमारास गुपचूप एक फोटो काढून ठेवला होता. मनाला आधार हो, दुसरं काय.

काढून झालं की कागद अंगणात ओळीनं मांडायचे, वर खडे ठेवायचे, आणि दारापर्यंत मागं जाऊन पाहायचं. बाईंचा प्रश्न एकच. "उभा आहे काय?" सुंदर आहे का, सारखा आहे का, असलं काही नाही. उभा आहे काय. माझे बैल कधी लोंबकळलेले असत, कधी चिखलात रुतलेले, कधी वाऱ्यावर. बाई पाहायच्या, "नाही," म्हणायच्या, आणि चहाला बसायच्या. त्या "नाही"त रागही नसायचा. म्हणूनच ते जास्त लागायचं.

बैलबाजाराच्या दिवशी आम्ही बाजारात बसायचो. सगळे पुरुष, आणि मध्ये आम्ही दोन बाया मांडीवर फळ्या घेऊन. मी पदरात तोंड लपवायच्या बेतात. बाई मात्र बकऱ्यांच्या खुरांत नाक घालून. एकदा एका जाडजूड व्यापाऱ्यानं मिशीवर हात फिरवत विचारलं, "मॅडम, आमचं काहून नाही काढत?" बाईंनी मानही वर केली नाही. "तुम्ही दोन घंटे झाले, हललेच नाही बाप्पा. तुमच्यात शिकाले काय आहे?" सगळा बाजार हसला. तो व्यापारीही हसला, आणि नंतर आमच्यासाठी चहा पाठवला.

पण पवनीत बाईंचा खरा दबदबा बसला तो म्हशीमुळं. आमच्या गल्लीच्या दूधवाल्याची म्हैस बाई काही दिवस काढत होत्या. एका सकाळी ती म्हैस कागदावर उभीच राहीना. नवीन कागद, पुन्हा नवीन कागद. शेवटी उठून दूधवाल्याला म्हणाल्या, "हिचा मागचा डावा पाय भार नाही घेऊन राहिला. डॉक्टरले दाखव." तो हसला. म्हैस चांगली चालत होती, दूध देत होती. चारच दिवसांत त्या खुराला सूज आली, आत पू निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी आणली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून बाईंचा शब्द म्हणजे पक्का. बैल विकत घेतानासुद्धा कोणी कोणी म्हणायचं, आधी बाईले काढाले लावा.

आणि म्हणूनच पुढं सगळा घोळ झाला.

या वर्षी होळी झाली आणि बाईंच्या चांद्याची पाठ घडीला लागेनाशी झाली. आधी बोटभर खाली. बाईंनी तो कागद सोडला, नवीन घेतला. पुन्हा बोटभर खाली. काही दिवसांनी दोन बोटं. त्या पेन्सिल थांबवून चांद्याकडे कितीतरी वेळ पाहत बसायच्या.

"शालिक, याले खायाले देतो का नाही तू?"

शालिकभाऊंना ते झोंबलं. "मी उपाशी राहीन बाई, पण बैलाले ठेवणार नाही. ढेप देतो, तणस देतो. काहून इचारता असं?"

"पाठ बसून राहिली त्याची. वाळून राहिला थो."

शालिकभाऊंचा चेहरा उतरला. दुसरं कोणी म्हटलं असतं तर त्यांनी घरचा रस्ता दाखवला असता. पण म्हशीची गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात. त्यांनी ढेप, म्हणजे पेंड, वाढवली, जंताचं औषध पाजलं. मग जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी तपासलं, शेण पाहिलं, म्हणाले, ठणठणीत आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरनं एक दिवस पाहिलं. मी रोज पाहतो." शालिकभाऊंच्या डोळ्याखाली काळं आलं. बैल राहिला बाजूला, ते स्वतःच वाळायला लागले.

मी चांद्याकडे पाहायची. मला तो पूर्वीसारखाच दिसायचा. पण माझं काय, माझे बैल तर कधी उभेच राहिले नाहीत. मी माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवू की बाईंच्या? सकाळी उठल्याबरोबर छातीत धडधड. आज पाठ कुठं येते, हाच विचार. जिथं धडधड घालवायला गेले तिथूनच ती घेऊन यायला लागले.

एक दिवस शालिकभाऊ म्हणाले, "धानाच्या रोवणीच्या आधी इकून टाकतो बाई. माह्या डोळ्यासमोर वाळत जाईन तं पाहवणार नाही. येत्या बाजारात नेतो." बोलताना ते चांद्याच्या गळ्याखालची पोळी कुरवाळत होते. बाई उजवा हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. हल्ली त्या तसंच बसायच्या.

रात्री जेवताना नवऱ्याला मी हे सगळं सांगितलं. तो वरण कालवता कालवता म्हणाला, "बैलाचं मले नाही समजत. पण बाई चालतात तवा त्यायचा उजवा हात हलत नाही, पाहिलं काय?"

"म्हणजे?"

"डावा हात झुलते. उजवा नुसता लटकलेला. अन् दुकानात यादी पाठवतात ना, अक्षर मुंगीएवढं झालं. पहिले कसं टपोरं होतं. मले भिंगानं वाचा लागलं." थोडं थांबून म्हणाला, "कंपवात असन, असं वाटते."

मी भडकलेच. "काहीतरीच! त्यायचा हात थरथरत नाही. रेघ पाहा कशी आहे ते!"

"दरवेळी थरथरतेच असं नाही वो. काही लोकायचं सारं बारीक होत जाते. अक्षर, आवाज, पाऊल. त्यायले स्वतःले समजतही नाही. पण मी दुकानदार माणूस. डॉक्टरच सांगन."

तो हात धुवायला उठला. मी फोन उघडून दिवाळीतला चांद्याचा फोटो शोधला. दुसऱ्या सकाळी बाई यायच्या आधी कोठ्यासमोर जाऊन, त्याच जागेवरून, चांद्याचा आणखी एक फोटो घेतला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. चांद्याचं काहीही कमी झालं नव्हतं. उलट ढेपेनं पोटाला जरा सुटला होता.

आता सांगणार कोण? बाईंना जाऊन म्हणू, की तुमचा हात खोटं बोलतो? ज्या बाईनं सारा जन्म हातावर भरवसा ठेवला, तिला? आणि नाही सांगावं तर बाजार दोन दिवसांवर आलेला. चांद्या जाणार, शालिकभाऊ झुरणार, आणि बाई उद्या दुसऱ्या कोणाचा बैल वाळवणार. बरं, मी सांगितलं आणि नवऱ्याचा अंदाज चुकला असला तर? मी देवाजवळ काय मागावं हेच मला कळेना. बैल आजारी निघू दे म्हणू?

बाजाराच्या आदल्या सकाळी गेले ती पाय ओढत. बाई दगडावर बसलेल्या. मी शेजारी पाट टाकला. चांद्या उभा होता, मागचा एक पाय जरा सैल सोडून, माश्या हाकलत. मी खालच्या घडीवर खूर मांडले. माझं चित्राकडे चित्त नव्हतं. सगळा वेळ डोळ्याच्या कोपऱ्यातून बाईंचा कागद पाहत होते. त्यामुळे असेल, डोळा नाही, पापणी नाही, चांद्या जसा दिसत होता तसाच हात चालत राहिला. तो हलला, मी नवीन घेतला, तेही कळलं नाही. पुन्हा तसाच उभा राहिला, मी जुन्यावर आले. आणि पाठीची रेघ ओढली ती खांद्यापासून शेपटीपर्यंत वरच्या घडीवरून गेली. बरोबर घडीवरून.

मी फळी उलटी केली.

"झालं? मांड," बाई म्हणाल्या.

"आज नाही जमलं बाई."

"नाही जमलं तरी मांडायचं असते. मांड."

त्यांनी आपला कागद अंगणात ठेवला, वर खडा ठेवला. डाव्या हातानं. मी माझा कागद शेजारी ठेवला. माझे हात इतके कापत होते की आमच्या दोघींत कंपवात नक्की कोणाला, असा प्रश्न पडावा. आम्ही दारापर्यंत मागं गेलो. शालिकभाऊ घमेलं घेऊन तिथंच उभे राहिले.

शेजारी शेजारी दोन चांद्या. एक घडीपासून घडीपर्यंत. दुसरा त्याच्या वासरासारखा, खालच्या घडीवर, वर भलं मोठं रिकामं ठेवून.

बाईंनी दोन्ही कागद नीट पाहिले. मग माझ्या कागदाकडे बोट करून म्हणाल्या, "उभा आहे."

इतकी वर्षं नाही, पण इतके महिने ज्या शब्दांसाठी मी झुरले ते हे शब्द. आणि मला ते ऐकू येऊ नयेत असं वाटत होतं.

बाई चांद्याजवळ गेल्या. त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला, वशिंडापासून मागपर्यंत फिरवत नेला. मग उजवा हात पदराबाहेर काढला, आणि तोही तसाच फिरवून पाहिला. चांद्यानं कातडी थरथरवली.

"शालिक," त्या म्हणाल्या, "बैल इकू नको."

"काहून बाई? तुम्हीच तं म्हटलं..."

"बैल नाही वाळला रे. माहा हात वाळून राहिला."

शालिकभाऊंना काही कळलं नाही. ते एकदा माझ्याकडे पाहात, एकदा बाईंकडे. मग कळलं, आणि कळल्यावर त्यांनी घमेलं खाली ठेवलं. बैल वाचला म्हणून आनंद करावा की काय करावं, हे त्यांना सुचेना. शेवटी आत जाऊन बाईंना पाणी आणून दिलं.

बाई दगडावर बसल्या. मला म्हणाल्या, "तुले माहीत होतं?"

"परवापासून शंका होती."

"मंग कागद लपवून काहून राहिली होती?"

"भीती वाटली."

"कायची?"

"तुमचीच बाई. तुमच्यासाठी."

बाई जरा हसल्या. "भ्याचं तं मी पायजे वो. तू सारं भेऊन टाकशीन, तं माह्यासाठी काही उरू देशीन का नाही?" एवढं बोलून त्यांनी फळी मांडीवर घेतली, नवीन कागद घेतला, खालच्या घडीवर चार खूर मांडले, आणि थांबल्या. पेन्सिल तिथंच टेकवून बसून राहिल्या. त्यांना भीती वाटताना मी तेवढ्याच वेळी पाहिलं. बाई घाबरल्या होत्या. मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी धरू दिला.

नागपूरच्या डॉक्टरांनी नवऱ्याचाच अंदाज खरा ठरवला. गोळ्या आमच्याच दुकानातून जायच्या. गोळ्यांनी चालणं सुधारलं, आवाज थोडा उघडला. बैल मात्र लहान तो लहानच. मी म्हटलं, आता बाई यायच्या नाहीत. मी आपली एकटीच जाऊन बसले, तर थोड्या वेळानं रबरी चप्पल वाजली. बाई दगडावर बसल्या, थैलीतून कागद काढला. पण लगेच खूर मांडले नाहीत. कागद पुन्हा दुमडला, नखानं घडी दाबली, उलगडला. दोन नव्या घड्या, जुन्यांपेक्षा जवळ जवळ. त्यांनी खालच्या नव्या घडीवर खूर मांडले, आणि हळूहळू वर चढत पाठ वरच्या नव्या घडीला लावली.

"आता सांग," म्हणाल्या. "उभा आहे काय?"

उभा होता. तळहाताएवढा, पण सगळा भार खुरांवर घेऊन. मी मान हलवली.

त्यानंतर रोवणी झाली. चांद्या चिखलात राबून आला. बाई घड्या आणखी जवळ घेत गेल्या, आणि मी रोज मनात भीत गेले की हा कागद अजून किती दुमडेल. सांगायची गोष्ट, बाई ते मोजत नव्हत्या. मोजायचं काम माझ्याकडे होतं.

पोळ्यानंतर भाची त्यांना नागपूरला न्यायला आली. एकटीनं राहणं आता शक्य नव्हतं, हे बाईंनाही पटलं होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी, सामान भरलेलं. बाई म्हणाल्या, कोठ्यावर जाऊन येतो. आम्ही दोघी गेलो. शालिकभाऊंनी चांद्याला खुंटीवर बांधून ठेवलं होतं, शिंगांना पोळ्याचा रंग अजून लागलेला. बाई दगडावर टेकल्या, कागद दुमडला. उजव्या हाताचं नख घडी दाबेना, म्हणून डाव्यानं दाबली. आगपेटीएवढी जागा राहिली दोन घड्यांत. त्या जागेत त्यांनी खूर मांडायला घेतले.

गल्लीतून गाडीचा हॉर्न वाजला. माझा जीव वरखाली. उशीर होईल, ऊन चढेल, बाईंची गोळीची वेळ टळेल. पुन्हा हॉर्न वाजला, तेव्हा चांद्यानं दचकून मान फिरवली आणि पाय बदलला.

मी म्हटलं, "चला बाई. हलला थो."

बाईंनी तो कागद माझ्या मांडीवर ठेवला. नुसते चार खूर आणि एक मागचा पाय. मग थैलीत हात घालून दुसरा कागद काढला आणि हळूहळू दुमडायला लागल्या.

"हलला ना," म्हणाल्या. "मंग थांब म्हणाव गाडीले. नवीन घेतो."